टेकलेले पाऊल : चालण्याची शर्यत, शिल्पकला आणि कल्याणचा एक शिल्पकार

चालण्याच्या शर्यतीचे नियम मुळात दोनच आहेत. स्पर्धकाचे एक तरी पाऊल सदैव जमिनीला टेकलेले असले पाहिजे, हा पहिला. आणि पुढे पडलेला पाय जमिनीला लागल्यापासून देह त्याच्यावर सरळ उभा होईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये, हा दुसरा. पहिला नियम मोडला की चालणे संपते आणि धावणे सुरू होते. परंतु या नियमात एक विलक्षण सवलत दडलेली आहे. पाऊल टेकले होते की नाही हे ठरविण्याचा अधिकार छायाचित्राला नाही, परीक्षकाच्या उघड्या डोळ्याला आहे. वेगाने चालणाऱ्या स्पर्धकाची दोन्ही पावले सेकंदाच्या काही शतांश भागापुरती अधांतरी असतात, हे चित्रणावरून सिद्ध झालेले आहे. तरीही जे डोळ्याला दिसले नाही ते घडलेच नाही, असे धरून निकाल दिला जातो.

या सवलतीपायी खेळाचा इतिहास वादांनी भरला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉर्ज लार्नर या इंग्लिश पोलीस शिपायाने चालण्याच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. १९२० आणि १९२४ मध्ये इटलीच्या उगो फ्रिजेरिओने तीन सुवर्णपदके मिळविली. पण परीक्षकांच्या निर्णयांवरून इतकी भांडणे झाली की १९२८ च्या ॲम्स्टरडॅम येथील स्पर्धांतून हा प्रकारच वगळण्यात आला. १९३२ मध्ये ५० किलोमीटरच्या शर्यतीच्या रूपाने तो परत आला. भारताला या प्रकारातील मोठे यश पुष्कळ उशिरा लाभले. १९७८ च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धांत हाकम सिंग आणि १९८२ च्या दिल्ली येथील स्पर्धांत चांदराम यांनी २० किलोमीटर चालण्याची सुवर्णपदके मिळविली. धावपटूंची नावे सर्वतोमुखी होतात, चालणाऱ्यांची होत नाहीत. प्रेक्षकांना त्यांची कंबर हलताना पाहून हसू येते, एवढेच. वास्तविक ती कंबर हलते ती नियम पाळण्यासाठीच हलते. गुडघा वाकविण्यास बंदी असल्यामुळे पावलाची लांबी कटिभागातून मिळवावी लागते.

चालणाऱ्या खेळाडूला बांधणारा हा नियम शिल्पकारालाही तितकाच बांधतो, हे फारसे कोणी ध्यानात घेतलेले नाही. चित्रकार आपली आकृती हवेत सोडू शकतो. शिल्पकाराला ती मुभा नाही. दगडाचे अथवा ब्राँझचे वजन कोठेतरी जमिनीला द्यावेच लागते. म्हणजे शिल्पाचे पाऊल सुटता कामा नये, आणि तरीही पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते चालते आहे असे वाटले पाहिजे. येथेही अंतिम परीक्षक उघडा डोळाच. फ्रेंच शिल्पकार रोदँ याच्या ‘चालणारा माणूस’ या प्रसिद्ध शिल्पात दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर सपाट टेकलेले आहेत. प्रत्यक्ष चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे कधीही घडत नाही. पुढची टाच टेकते तेव्हा मागची टाच उचललेली असते. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादांत रोदँने याचे समर्थन केले आहे. त्याच्या मते छायाचित्र काळाला थांबविते, म्हणून तेच खोटे. शिल्प दोन लागोपाठच्या क्षणांना एका देहात बसविते, म्हणून ते खरे. मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये भरधाव घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिले होते, आणि मारे याने १८८२ पासून माणसाच्या चालीची पृथक्करणे प्रसिद्ध केली होती. म्हणजे रोदँला शास्त्र ठाऊक नव्हते असे नव्हे. ते ठाऊक असून त्याने दोन्ही तळवे टेकविले.

खेळ आणि शिल्प या दोन्ही क्षेत्रांत वावरलेली माणसे अगदीच विरळ नाहीत. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये कलेच्या स्पर्धाही होत असत. त्यांपैकी वॉल्टर विनन्स या अमेरिकन गृहस्थाचे उदाहरण प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचे आहे. १९०८ मध्ये त्याने नेमबाजीत सुवर्णपदक मिळविले आणि १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे शिल्पकलेत. त्याचे विजयी शिल्प म्हणजे गाडीच्या शर्यतीतील एका दुडक्या घोड्याची लहानशी ब्राँझची प्रतिकृती. दुडकीची शर्यत ही घोड्यांच्या जगातील चालण्याची शर्यतच म्हटली पाहिजे. तेथेही चाल मोडून घोडा चौखूर उधळला तर त्याला आवरून मागे खेचावे लागते. विनन्स स्वतः या शर्यतीत गाडी हाकीत असे, आणि १९२० मध्ये लंडन येथे अशीच एक गाडी हाकीत असताना हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत झाला. ज्या नियमबद्ध चालीवर त्याचा जीव होता तीच त्याने घडविली, यात नवल नाही.

कॅनडाचा रॉबर्ट टेट मॅकेन्झी याची गोष्ट निराळी. तो वैद्य, शारीरिक शिक्षणाचा अध्यापक आणि तरुणपणी स्वतः कसरतपटू होता. शर्यतीच्या सुरुवातीला वाकून बसलेल्या धावपटूचे त्याचे शिल्प १९०२ चे. पुढच्या वर्षी त्याने अनेक विद्यार्थी-खेळाडूंच्या मापांची सरासरी काढून एक ‘आदर्श खेळाडू’ घडविला. १९३२ मध्ये त्याला ऑलिंपिकचे कांस्यपदकही मिळाले. पहिले शिल्प जिवंत आहे, दुसरे निर्जीव. सरासरीला चाल नसते, हेच त्याचे कारण असावे. भारतात देवीप्रसाद रायचौधुरी यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. अंगाने पहिलवान, कुस्तीचे शौकीन आणि मद्रासच्या कलाशाळेचे पहिले भारतीय प्राचार्य. मद्रासच्या सागरतीरावर १९५९ मध्ये बसविलेल्या त्यांच्या ‘श्रमाचा विजय’ या शिल्पातील धोंडा हलविणाऱ्या चार मजुरांचे स्नायू पाहिले की शिल्पकाराने ते बाहेरून पाहिलेले नाहीत, आतून अनुभवलेले आहेत, अशी खात्री पटते.

मराठी मुलखात मात्र हा प्रवास आखाड्यातून शिल्पशाळेकडे झाला नाही. येथे मातीच्या बैठ्या मूर्तीपासून निघालेला मूर्तिकार चालत्या देहापर्यंत पोचला. ठाणे-कल्याणचा परिसर या प्रवासाचा साक्षीदार आहे. इतकेच नव्हे, तर त्याच्या शेवटच्या टप्प्याचा नायकच कल्याणचा आहे.

कल्याणचा आणि पायवाटेचा संबंध प्राचीन आहे. सोपारा, कल्याण, नाणेघाट आणि जुन्नर या मार्गाने सातवाहनकाळी व्यापार चाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. साष्टी बेटावरील कण्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे वारंवार येतात. त्यांपैकी एका लहानशा लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने पायवाटेचे दान केल्याची नोंद आहे. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची टाकी दिली. या धातुकाम करणाऱ्या माणसाने चालण्याची वाट दिली. एवढ्यावरून मोठे सिद्धान्त काढणे योग्य होणार नाही, पण कल्याणच्या धातुकामाचा हा एक अतिप्राचीन उल्लेख होय, हे विसरूनही चालणार नाही.

प्राचीन शिल्पशास्त्राला गतीचे वावडे नव्हते. समभंग, आभंग, त्रिभंग, अतिभंग अशी देहाच्या बाकांची परिभाषा त्यात आहे. आलीढ आणि प्रत्यालीढ या धनुर्धराच्या पवित्र्यांना शिल्पात मानाचे स्थान आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील त्रिविक्रम हे तर पावलाचेच शिल्प आहे: एक पाय भूमीवर रोवलेला आणि दुसरा आकाश मापण्यासाठी उचललेला. कल्याणपासून दोन कोसांवर अंबरनाथ येथे शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, पूर्ण झालेल्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या बाह्यांगावरही नृत्यमग्न आकृतींची रेलचेल आहे. परंतु या सर्व मूर्तींच्या पाठीमागे भिंत आहे. दगडाच्या पाठीला टेकलेली आकृती पाय कितीही उचलू शकते. चारी बाजूंनी मोकळ्या उभ्या असलेल्या देहाने पाऊल कसे टाकावे, हा प्रश्न निराळा. आणि तो मराठी शिल्पकारापुढे एकोणिसाव्या शतकात उभा राहिला.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग हे तेथे शिल्पकाम शिकविण्यास आले. या शाळेने ग्रीक देहाचे प्लॅस्टरचे साचे आणले आणि देह मोकळ्या जागेत उभा करण्याची विद्या आणली. तिचे पहिले मोठे फळ म्हणजे गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडविलेले ‘मंदिरपथगामिनी’. १८९६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. रवीन्द्रनाथ ठाकुरांनी या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला, यावरून त्याची कीर्ती किती दूर पोचली होती हे दिसते. पूजासाहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ही महाराष्ट्रीय तरुणी. तिच्या नेसत्या लुगड्याच्या निऱ्या, चेहऱ्यावरील सौम्य भाव यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तिच्या नावातील ‘गामिनी’ या शब्दाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आधुनिक मराठी शिल्पकलेचे पहिले नामांकित अपत्य उभे नाही, बसलेले नाही. ते वाटेवर आहे. लुगड्याचा घोळ येथे शिल्पकाराच्या मदतीला धावून आला आहे. वस्त्राने पावलांभोवतीचा भार तोलला, आणि मंद गतीचा भास वस्त्राच्या चुण्यांनीच निर्माण केला.

अशी सुरुवात झाल्यावर पुढील वाटचाल जोमाने व्हावयास हवी होती. ती झाली नाही, आणि त्याचे कारण कलेत नसून आश्रयात आहे. वसाहतीच्या काळात शिल्पकाराला काम देणारे लोक होते संस्थानिक, सरकारी अधिकारी, शेठसावकार आणि नगरपालिका. त्यांना हवे होते हुबेहूब चेहरे आणि भारदस्त उभे देह. ज्याचा पुतळा उभारावयाचा त्याला चालविणे म्हणजे त्याची प्रतिष्ठा कमी करणे, अशीच जणू समजूत होती. चालतो तो शिपाई. उभा राहतो वा बसतो तो सत्ताधीश. म्हात्र्यांचा सारा उत्तरकाळ अशा उभ्या-बसल्या मोठ्या माणसांत गेला. अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियासमोर, पंचम जॉर्जचा जो ब्राँझचा पुतळा उभा होता तोही म्हात्र्यांचाच. मंदिरपथगामिनीच्या निर्मात्याने घडविलेला हा सम्राट एक पाऊलही पुढे टाकीत नव्हता. वसईत जन्मलेले रघुनाथ कृष्ण फडके यांनाही हेच भोगावे लागले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा त्यांचा पुतळा कणखर आहे, पण तोही एका जागी रोवलेला आहे. फडके पुढे धार येथे स्थायिक झाले आणि तेथेच १९७२ मध्ये निवर्तले.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट घोड्याने दाखविली. अश्वारूढ पुतळ्यात मान घोडेस्वाराचा असतो आणि चालण्याचे काम घोड्याचे. त्यामुळे प्रतिष्ठा आणि गती यांचे भांडण मिटते. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडविला आणि १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. त्यांच्यापूर्वी इतक्या मोठ्या प्रमाणावर घोडा ओतण्याचे काम मराठी शिल्पकाराकडे क्वचितच आले असेल. घोड्याच्या पुतळ्याची अडचण अशी की, टनावारी धातू चार सडपातळ पायांवर पेलावयाचा असतो, आणि एक पाय उचलला की तो भार तिहींवर येतो. कदम चालीने जाणाऱ्या घोड्याचे निदान दोन पाय सदैव जमिनीवर असतात. म्हणजे तोही चालण्याच्या शर्यतीचा नियम पाळीतच असतो. म्हणून जगातील बहुसंख्य अश्वारूढ पुतळे याच चालीत आढळतात. माद्रिद येथील चौथ्या फिलिपचा पुतळा मागील दोन पायांवर उभा करताना पिएत्रो ताक्का याला शेपटीचा आधार घ्यावा लागला. पीटर्सबर्गच्या पीटरच्या घोड्याखाली फाल्कोने याने साप घातला, तोही आधारासाठीच. घोड्याचा एक पाय उचललेला असेल तर स्वार जखमांनी वारला आणि दोन उचललेले असतील तर रणांगणात पडला, असे जे सर्वत्र सांगितले जाते, त्याला इतिहासात आधार नाही. घोड्याचे पाय स्वाराच्या मरणावरून ठरत नाहीत, ओतकामाच्या गणितावरून ठरतात.

सदाशिव दत्तात्रय साठे यांचा जन्म १७ मे १९२६ चा. पुढे सर्वजण त्यांना भाऊ साठे म्हणून ओळखू लागले. घर कल्याणचे, आणि घरात गणेशमूर्ती घडविण्याची परंपरा. कल्याण त्या काळी खाडीकाठचे, वाड्यांचे आणि तळ्याचे गाव होते. १८५३ मध्ये बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, कल्याणास पोचली होती. तेव्हापासून मुंबईच्या कलाशाळेत शिकून रोज घरी परतणे कल्याणच्या मुलास शक्य झाले होते. गणेशमूर्तीच्या कारखान्यातील शिक्षण आणि कलाशाळेतील शिक्षण यांत मोठे अंतर आहे, आणि साठ्यांच्या कलेचे मर्म त्या अंतरातच शोधले पाहिजे. शाडूची मूर्ती बैठी असते. तिला आतून सांगाडा नसतो. खालचा भाग भक्कम, वरचा क्रमाने हलका, हीच तिची स्थिरता. ती दीड दिवस, पाच दिवस किंवा फार तर अनंत चतुर्दशीपर्यंत टिकावयाची असते. मूर्तिकाराचे कौशल्य बोटांत असते: सोंडेचा वळसा, हाताची ठेवण आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. कलाशाळेत याच्या उलट क्रमाने जावे लागते. तेथे आधी लोखंडी सळयांचा सांगाडा उभा राहतो, त्यावर माती चढते, मातीवरून प्लॅस्टरचा साचा निघतो, साच्यातून मेण आणि मेणाच्या जागी वितळलेला धातू. येथे वजन तळाशी नसते. ते सांगाड्यातून वाहत पावलापर्यंत जाते. बैठ्या गणपतीच्या घरातून आलेल्या मुलाला ‘वजन कोठे जाते’ हा प्रश्न प्रथम कलाशाळेने विचारला असला पाहिजे.

या प्रश्नाची पहिली मोठी परीक्षा दिल्लीत झाली. वयाची तिशी गाठण्यापूर्वीच साठ्यांना जुन्या दिल्लीत, चांदणी चौकाच्या परिसरातील नगरभवनाजवळ बसवावयाच्या महात्मा गांधींच्या ब्राँझच्या पुतळ्याचे काम मिळाले. गांधीजींचा पुतळा घडविणे हे त्या वेळी फार अवघड काम होते, आणि ते चेहऱ्याच्या साम्यामुळे नव्हे. गांधीजी हे या देशाने चालताना पाहिलेले पुढारी होते. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघून ५ एप्रिल रोजी दांडीस पोचेपर्यंत साठीच्या उंबरठ्यावरील या मनुष्याने सुमारे २४० मैल पायी तोडले, आणि चलत्पटांनी ती चाल गावोगावी पोचविली. नंदलाल बसूंनी त्याच वर्षी लिनोलियमवर कोरलेल्या चित्रात काठी हाती घेऊन चालणारे गांधीच दाखविले. ज्याची चाल लोकांच्या डोळ्यांत भरली आहे अशा माणसाला चौथऱ्यावर चढवावयाचे, म्हणजे परीक्षक म्हणून सारा देश पुढे बसलेला. सम्राटांच्या पुतळ्यांसाठी तयार झालेली सारी हत्यारे येथे निरुपयोगी होती. झगा नाही, पदके नाहीत, बूट नाहीत. उघडे पाय, उघडी छाती आणि एक पंचा. वस्त्राच्या घोळात भार लपविण्याची जी सोय म्हात्र्यांना मंदिरपथगामिनीत मिळाली होती, तीही येथे नव्हती. हे काम साठ्यांनी पार पाडले, आणि त्यानेच त्यांचे नाव देशभर झाले.

मुंबईतील काम याहून मोठे, आणि इतिहासाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण. गेटवे ऑफ इंडिया पंचम जॉर्जच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ बांधला गेला आणि १९२४ मध्ये खुला झाला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची तुकडी याच कमानीतून संचलन करीत जहाजाकडे गेली आणि ब्रिटिश सैन्याचा भारतातील मुक्काम संपला. सैन्य चालत गेले. त्याचा राजा मात्र आणखी बारा-तेरा वर्षे चौथऱ्यावर उभाच होता. संयुक्त महाराष्ट्राचे राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या पहिल्याच प्रजासत्ताकदिनी, २६ जानेवारी १९६१ रोजी, पंचम जॉर्जच्या जागी साठ्यांनी घडविलेल्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. साठे तेव्हा चौतीस वर्षांचे होते.

या घटनेकडे पाहण्याची प्रचलित दृष्टी राजकीय आहे, आणि ती चुकीची नाही. परंतु शिल्पकलेच्या इतिहासात तिचा आणखी एक अर्थ आहे. हटविलेला पुतळाही मराठी शिल्पकाराचाच होता. सम्राट परका होता, तो घडविणारे हात येथलेच होते. एका पिढीतील सर्वश्रेष्ठ शिल्पकाराला ज्या आश्रयाने उभ्या देहात अडकवून ठेवले, तो आश्रय गेल्यावर पुढच्या पिढीतील शिल्पकाराला त्याच भूमीवर घोडा आणता आला. म्हात्रे १९४७ मध्ये निवर्तले होते. त्यांना हे पाहावे लागले नाही. पण त्यांच्या सम्राटाला केवळ गुलामगिरीची खूण म्हणून विसरणे हा त्यांच्यावर अन्याय होय. काम करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक निवडण्याची मोकळीक प्रत्येक काळात नसते.

दिल्लीतही असेच घडले. लाल किल्ल्याजवळच्या एडवर्ड पार्कमध्ये सप्तम एडवर्डचा टॉमस ब्रॉक याने घडविलेला अश्वारूढ पुतळा १९२२ पासून होता. तो काढण्यात आल्यावर त्या उद्यानाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव मिळाले, आणि २३ जानेवारी १९७५ रोजी तेथे साठ्यांनी घडविलेल्या नेताजींच्या शिल्पाचे अनावरण उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांच्या हस्ते झाले. या वेळी क्रम उलटा होता: घोड्यावरचा राजा गेला आणि सहकाऱ्यांसह पायी उभा असलेला सेनापती आला. एडवर्डचा घोडा मात्र फुकट गेला नाही. तो समुद्रापार कॅनडात नेण्यात आला आणि १९६९ पासून टोरोंटोच्या क्वीन्स पार्कमध्ये उभा आहे. मुंबईच्या ‘काळा घोडा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या, बोएम याने घडविलेल्या एडवर्डचे नशीब याहून साधे; १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. लोकांनी राजाला सोडून घोड्याचे नाव चौकाला दिले होते, आणि २०१७ मध्ये त्या चौकात पुन्हा घोडा आला तो बिनस्वाराचा. जनतेची दृष्टी घोड्याच्या पायांवर असते, घोडेस्वाराच्या मुकुटावर नव्हे, याला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

ग्वाल्हेर येथील झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा अश्वारूढ पुतळा हेही साठ्यांचेच काम. माउंटबॅटन आणि राजपुत्र फिलिप यांची व्यक्तिशिल्पेही त्यांनी घडविली. ज्या राजघराण्याचे पुतळे हलवून त्यांच्या जागी आपली शिल्पे बसली त्याच घराण्यातील माणसाचा चेहरा घडविताना शिल्पकाराच्या हातात वैर नव्हते, ही बाब नमूद करण्याजोगी आहे. व्यक्तिशिल्पांचा येथे अधिक विचार करावयाचे कारण नाही. मानेच्या खाली जेथे शिल्प संपते तेथे पावलाचा प्रश्नच उद्भवत नाही.

पुतळ्यांच्या इतिहासाची साधने हा एक दुर्लक्षित विषय आहे. चौथऱ्यावरील फरशीवर अनावरण करणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते, अध्यक्षांचे असते, क्वचित देणगीदारांचे असते; घडविणाऱ्याचे नाव शोधावे लागते, आणि ओतकाम करणाऱ्यांचे तर मिळतच नाही. त्यामुळे पुतळ्याचा इतिहास हा समारंभाचा इतिहास होऊन बसतो. शिल्पकाराने कोणती ठेवण प्रथम योजली, समितीने ती का बदलावयास लावली, घोड्याचा कोणता पाय उचलावयाचा होता आणि अखेरीस कोणता उचलला गेला, याचा पुरावा कागदात नसतो. तो मातीच्या आणि प्लॅस्टरच्या लहान प्रतिकृतींत असतो, आणि त्या प्रतिकृती बहुधा कारखान्याच्या कोपऱ्यात फुटून जातात. करमरकरांच्या सासवण्याच्या घरी त्यांची शिल्पे जतन झाली आहेत, फडक्यांचा धार येथील स्टुडिओ टिकला आहे. साठ्यांनी ही काळजी हयातीतच घेतली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांच्या शेजारी, त्यांनी आपल्या कामांच्या प्रतिकृती ठेवण्यासाठी शिल्पालय उभारले. तेथे चौथरा नसल्यामुळे शिल्प पाहणाऱ्याच्या उंचीवर येते, आणि रस्त्यावरून कधीही न दिसणारी गोष्ट डोळ्यांसमोर येते: पाऊल जमिनीला नेमके कसे टेकले आहे.

भाऊ साठे ३० ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले. त्याच महिन्याच्या ६ तारखेला, टोकियो ऑलिंपिकच्या साप्पोरो येथील मार्गावर, पुरुषांची ५० किलोमीटर चालण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये शेवटची म्हणून झाली होती.